आतली वस्तू

स्विंडन. नोव्हेंबर. साडेचारलाच रस्त्यावरचे दिवे.
ग्लेनिसनं फळ्यावर एक चौकोन काढला,
त्याच्या पोटात दुसरा, छोटा.
पोस्टकोड तपासणारा हा विकतचा घटक
आत ठेवून त्याच्याकडून कामं करून घ्यायची,
की आपलाच अवयव म्हणून मिरवायचा?

मी म्हटलं, बघ,
त्याचं जे आहे ते जसंच्या तसं द्यायचं असेल,
तर बत्तीस दारांत बत्तीस हमाल
कशाला उभे करायचे? उघड दारं.
पाटी मात्र एकच, बाहेरच्याची.
आतल्याला कुणी विचारलं, तू कोण,
की त्यानं बाहेरच्याकडे बोट दाखवायचं.
कोण आलं, कोण गेलं, हिशेब बाहेरच्याच वहीत.
शेवटचा माणूस गेला की दोघंही एकदमच संपतात.

आणि हे त्याला कबूल असावं लागतं?

जन्मतानाच विचारतात.
नाही म्हणणारेच जास्त.
दुसऱ्या प्रोसेसमध्ये राहणाऱ्याला तर
विचारण्यातही अर्थ नाही.

तेवढ्यात फोन वाजला.
'गुड आफ्टरनून, थॉर्नबेक म्युच्युअल,' मी म्हणाले.
थॉर्नबेक मला पगार देत नाही.
मला स्लाऊच्या एका एजन्सीनं इथं लावलंय,
दर तीन महिन्यांनी कागद येतो,
तीन वर्षं मी याच नावानं फोन उचलते.
टेलिफोन यादीत मी 'पदमा' आहे.
ज आणि त्याचा काना कुठल्या रकान्यात गळाले, कोण जाणे.

फोन ठेवला तेव्हा ग्लेनिस
छोट्या चौकोनाशी काहीतरी पडताळत होती.
आईचा पत्ता घालून पाहिला, म्हणाली.
गावाच्या नावातला दुसरा एल हा खातो.

खातो?

दर वेळी.

मग संपलं, मी म्हटलं.
एक अक्षर जरी दुरुस्त करायचं असेल
तर दार उघडं टाकता येत नाही.
मध्ये उभं राहावं लागतं,
प्रत्येक निरोप हातात घ्यायचा,
वाचायचा, सुधारायचा, मग पुढे.
कंटाळवाणं आहे. बत्तीस वेळा.

तिनं मोठा चौकोन पुन्हा गिरवला, जाड.
मग टेबलावरची टेलिफोन यादी ओढली,
माझ्या नावापुढे पेन टेकवून थांबली.
'ज की झ?'

परतताना पाच छोट्या चक्रांचा तो मोठा चौक लागला.
बाहेरून सगळं मिळून एकच.
मधलं वर्तुळ तेवढं उलटं फिरतं.
मी त्यातूनच जाते, रोज, सवयीनं.