हजाराला किती

बोनस झाला त्या शनिवारी म्हटलं, अम्मा, चल, बाहेर जेवू.
बाहेर म्हणजे सात रस्त्यावरची ती लाल गाडी?
नको. तिथला कोबी शिजत नाही, नुसता रागावतो.

मग बोटांवर मोजून दाखवलं, गाव आता काय काय खातं ते.
नव्या पेठेमागं मोमो, टोपलीचं झाकण उघडलं
की चष्मा पुसावा लागतो.
जुळे सोलापुरात कोरियन नूडल्स,
पोरं पैज लावून खातात, नाकडोळे वाहतात,
आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी
खिशातून शेंगाचटणीची पुडी काढून वर भुरभुरतं,
तिखट कमी पडलं म्हणून.
एका माळ्यावर थाई रस्सा, नारळाचा, गोडसर.
आमच्या टॉवेल कारखान्यातले हिशेबनीस चिट्टे म्हणाले होते,
आजारी माणसाला बरा.

आणि होटगी रोडला सुशी.
ते काय असतं?
भात.
गरम?
थंड.
थंड भातासाठी रिक्षा करायची?

केली. मे महिना, रात्री आठलाही सीट तव्यासारखी.
आत एसी एवढा की अम्मानं पदर कानावरून घेतला.
काउंटरमागं पेम्बा, दार्जिलिंगकडचा,
म्हणाला, मासा बर्फाच्या पेटीत रेल्वेनं येतो.
अम्मा म्हणाली, रात्रभर गाडीत बसून आलेल्याला
मी कच्चा खाणार नाही. काकडीचं दे.

त्यानं बशीत हिरवं, झणझणीत काहीतरी वाढलं. और?
चालु, अम्मा म्हणाली.
आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
त्याला वाटलं, चालू. त्यानं चालू ठेवलं.
लिंबाएवढा गोळा झाला तेव्हा कुठं मला हसू फुटलं.

मग तो वळायला लागला.
काळं पान पसरलं, त्यावर भात, काकडीची काडी,
चटई उचलली, वळली, दाबली.
अम्माची हनुवटी वर आली.
एकतीस वर्षं मांडीवरच्या सुपात तिनं हेच पाहिलं होतं :
ओलं तेंदूपान, पत्र्याचा फर्मा, कात्री,
चिमूटभर तंबाखू, वळ, दोरा,
वळ, दोरा.

शेवटाला सैल राहिलं, ती म्हणाली.
चेकर छाट काढेल.

मी हिंदीत सांगितलं. पेम्बा हसला,
आणि चटई तिच्यापुढं सरकवली.

ती आधी बेसिनकडं गेली.
साबण लावला, हात धुतले, बोटं नाकाशी नेली.
पुन्हा साबण. पुन्हा नाक.
तिसऱ्यांदाही.
वास जात नाही गं, तिथूनच म्हणाली.
काम सुटून आठ वर्षं झालीत.

वळलं. चटई बाजूला ठेवून, नुसत्या बोटांनी,
टोक नखानं मुडपून आत.
पेम्बानं सुरी फिरवली. आठ चकत्या,
एकीतूनही भात सांडला नाही.
कुठं शिकल्या या? त्यानं विचारलं.
विडी घरकुलात.
त्याला ते कॉलेजचं नाव वाटलं. मी तसंच राहू दिलं.

याला विचार, अम्मा म्हणाली, हजाराला किती देतात.
महिन्याचा पगार आहे, तो म्हणाला, आणि आकडा सांगितला.
ती बोटांच्या पेरांवर बराच वेळ हिशेब करत राहिली,
दिवसाला किती गुंडाळ्या, सुट्टी किती, घरी किती धाडत असेल.
कमीच आहे.
पण छाटीचे पैसे तर कापत नाहीत ना?

पेम्बानं एकदा मॅनेजरच्या काचेकडं पाहिलं
आणि ओल्या फडक्यानं फळी पुसायला घेतली,
जी आधीच पुसलेली होती.

आपल्या हातची एक चकती अम्मानं खाल्ली, सावकाश.
मीठ नाही, म्हणाली.

बिलात काकडी रोल दोन लागले होते.
एक तिनं वळलेला.
मी दोन्हीचे भरले,
आणि कागद घडी घालून पर्समध्ये टाकला, तिला दिसायच्या आत.