डाळ शिजण्याची उंची

खाली दुनैत डाळ तीन शिट्ट्यांत शिजते.
रिंग्मोला, तळ्याकाठी, पाच.
इथे नुमा खिंडीच्या पायथ्याशी
मी मोजणंच सोडून देतो,
कुकरच्या उशाशी बसून राहतो
आजारी माणसाच्या बसावं तसा.

या उंचीवर कुणाचीच डाळ शिजत नाही.
अकरा पाहुण्यांना हे अजून कळायचंय.
त्यांनी वर्षभर आधी पैसे भरलेत,
खिंड आपल्या नावे राखून ठेवली असेल
असं त्यांना वाटतं.

रोज संध्याकाळी जेवणाच्या तंबूत
बोटं पुढे होतात,
शाळेत नखं तपासायला व्हायची तशी.
छेवांग चिमटा लावतो, आकडा वाचतो, वहीत लिहितो.
एकदा गंमत म्हणून सुकमानने माझ्या बोटाला लावला :
एक्क्याऐंशी.
पाहुण्याचा असता तर दोन माणसं धावली असती.
आम्ही हसलो
आणि राहिलेला कांदा चिरला.

काठमांडूच्या कचेरीने चिठ्ठी दिली होती :
सात तारीख. मार्लीनबाई. साठ पूर्ण. केक.
अंडी मी पाठीवरून आणली, पिठात पुरून.
खेचरांवर माझा विश्वास आहे, उतारांवर नाही.
चोवीस निघाली, नऊ पोचली.
कुकरची शिट्टी काढली, रबर काढलं,
तळाला दोन मुठी मीठ.
वारा येऊ नये म्हणून सुकमान बसला
तासभर, भिंत होऊन.
वर जॅमने नाव लिहिलं.
इंग्रजी अक्षरं माझ्या हातून लंगडतात,
म्हणून आपल्याच लिपीत.

बाई मुळात डाळ खायची नाही.
ताटलीच्या कडेला सारून ठेवायची,
रोज, नीट, सभ्यपणे.
मला त्याचा राग होता, खोटं कशाला बोलू.

सहा तारखेच्या संध्याकाळी तिचा आकडा
छेवांगने दोनदा वाचला, वहीत लिहिला नाही.
"मी बरी आहे," ती म्हणाली,
आणि चमचा बुडवला
सूपच्या वाडग्याशेजारी, टेबलात.
त्याने तिला तंबूच्या दोरीलगत सरळ चालायला सांगितलं.
ती चालली. अंधाराकडे चालली.

"नऊ वर्षं पैसे साठवलेत मी," ती म्हणाली.
"उद्या माझा वाढदिवस आहे."
छेवांग घोडा सोडायला गेला.
कर्चुंग खोगीर आवळता आवळता मला म्हणाला,
"दाइ, खिंडीला काय तारीख कळते?"
कंदील उतारावर गेला,
वळणाशी विझला,
पुढच्या वळणाशी पुन्हा लागला.

केक गरम होता.
दहाजण झोपायला गेले; इतक्या उंचीवर
दुसऱ्याच्या वाढदिवसाची भूक लागत नाही.
मी तो टॉवेलात गुंडाळला, तांदळाच्या पोत्यात घातला,
सुकमानला सकाळची डाळ भिजवायला सांगितली
आणि निघालो. कशासाठी, ते विचारू नका.
नऊ अंडी होती त्यात.

खाली याकवाल्यांच्या गोठ्यात
ती धुराकडे तोंड करून बसली होती,
ओठांवरचा निळा उतरलेला.
सात तारीख लागून गेली होती.
केक वाटेत मधोमध फुटला होता :
एका तुकड्यावर मार्, दुसऱ्यावर लीन.
काय लिहिलंय, तिने खुणेने विचारलं.
तुमचं नाव, म्हटलं. जरा मोडलंय.
तिने लीन खाल्लं.
मार् कर्चुंगने आणि त्याच्या घोड्याने वाटून घेतला.

मग कर्चुंगच्या मावशीने कुकर चढवला.
सहा शिट्ट्या. मी मोजल्या.
बाईने ताटली बोटाने पुसून घेतली,
ज्या बोटाला चिमटा लावायचे
त्याच.

दोन वाजता मी परत चढायला लागलो.
वर दहा जणांचा नाश्ता होता,
आणि सुकमान
झोपला असणार.