बरोबरचं चिन्ह

सांगली मार्केट यार्ड. हळदीचं गोदाम.
कीबोर्डच्या फटींतसुद्धा पिवळं.
हमालांची यादी मी पायथनमध्ये बसवत होते,
बेचाळीस नावं, नावापुढे रोजची पोती.

मंगळवारी दुपारी भूपाल मगदूम गेला.
मालक म्हणाले, नाव काढ उद्यापासून,
पण जुनी यादी ठेव, हिशेब राहिलाय त्याचा.
मी लिहिलं:

जुनी = यादी

आणि यादीतून त्याला काढलं.
एका ओळीचं काम.

संध्याकाळी जुनी उघडली.
एक्केचाळीस.
पडद्यावर बोट ठेवून तीनदा मोजली,
काचेवर पिवळे ठसे.

मी यादी ठेवलीच नव्हती कुठे.
नुसतं नाव ठेवलं होतं,
त्याच यादीला, दुसरं.

भूपालला घरी बाळू म्हणायचे.
बाळूचा गुडघा धरला
की भूपाल काय वेगळा जिना चढायचा?
माहीत होतं मला हे.
पण बरोबरचं चिन्ह दिसलं की अजून
शाळेतला तराजूच आठवतो,
दोन पारडी, दोन्हीकडे काही ना काही.

आदगोंडा दिवाणजी चष्मा कपाळावर सारत म्हणाले,
"आमच्या पावतीबुकात कार्बन असतोय, पोरी.
वरचा कागद फाड, खोड, काय बी कर,
खालचा निळा ऱ्हातोय."

म्हणून मग कॉपी. कंस उघडून मिटला.
दोन याद्या झाल्या, खऱ्याखुऱ्या.
गुरुवार बरा गेला.

शुक्रवारी तातोबा खोताची चुकलेली सहा पोती वाढवली
तर जुनीतही सहा वाढली.
बाहेरची यादी नवी, आतल्या त्याच.
माझ्या कार्बननं नावं उतरवली होती,
नावांपुढचं ओझं
उतरवलं नव्हतं.

मग खोल नक्कल.
यादीच्या आतल्या यादीच्या आत, पोत्यापोत्यापर्यंत.
मशीन जरा जास्त वेळ घेतं तिला.
घेऊ दे.

भूपाल मात्र परत आला नव्हता त्यातून.
त्याला मी पावतीबुकावरून हातानं भरला:
सोमवार, अठ्ठ्याऐंशी.
मंगळवार, तेवीस.

शनिवारी हरिपूरहून त्याची थोरली बहीण आली.
"बाळूचं काय निघतंय?"

यादीत बाळू नव्हता.
दिवाणजी माझ्याकडे बघायला लागले.
मी जुनी उघडली,
आणि भूपाल शोधला.