की

निकिता, तुझी आई परवा बाजारात भेटली.
म्हणाली, पोर बी.कॉम. होऊन घरात बसलीय,
तुमच्यासारखं कोर्टात चिकटवा की कुठंतरी.
चिकटवायला ती काय कोर्ट फीचं तिकीट आहे?
पण तू विचारलंस, म्हणून सांगते.

आधी पेन्सिल. एच-बी नको, टू-बी घे.
जाड रेघ आणि बारीक रेघ, एवढ्यात सगळा धंदा.
हिरेमठ सर म्हणायचे, प आणि ब एकच रेघ,
फरक फक्त बोटाच्या दाबाचा.
बोट थकलं की पापाचा बाप होतो
आणि बापावर खटला चालतो.

दीड वर्ष त्यांच्याकडं गेले,
खानापूर स्टँडमागं, गिरणीच्या वरच्या खोलीत.
माझ्या त्या वह्या उघडल्या तर अजून शिंक येते,
तिखटाची.
कन्नड लघुलेखन, सीनियर.
घर मराठी, शाळा मराठी, झोपेतली बडबड मराठी.
सर म्हणाले, कानाला कन्नड शिकव,
हाताला भाषा नसते.
खोटं होतं ते. पण त्या वेळी उपयोगी पडलं.

अर्ज कर. सगळीकडं कर.
मी बेळगावला केला, धारवाडला केला,
विजापूरला चाचणीत चौथ्या मिनिटाला टोक तुटलं
आणि शेजारच्या पोरीनं न बघता
आपली दुसरी पेन्सिल सरकवली.
ती लागली. मी नाही लागले.
चलनाच्या पावत्यांची पिशवी कपाटात आहे, दाखवीन.

पलीकडं चंदगडलाही जाऊन आले.
टेबलावरचा माणूस चांगला होता, चहा दिला,
म्हणाला, बाई, इथं मराठी लघुलेखन लागतं.
मराठीत मला फक्त बोलता येतं,
हे मला तिथं कळलं.

सातव्या खेपेला लागलं. इथंच.

आता कामाचं.
साक्षीदार मराठीत बोलतो,
साहेब ऐकून कन्नडात सांगतात, मी घेते.
साहेब रायचूरकडचे. आता "बरं, पुढं" म्हणतात मराठीत.

गेल्या आठवड्यात जानकू घाडी पिंजऱ्यात उभे.
काजूच्या एका झाडाचा खटला, अकरा वर्षांचा.
झाड कधीच पडलंय.
वकील म्हणाले, झाड कुणाचं?
"आमचंच की."
साहेब: झाड माझ्या मालकीचे आहे. घेतलं.
लावलं कुणी?
"बायकोनं की."
झाड माझ्या पत्नीने लावले. घेतलं.
ती कुठं असते?
म्हातारा पंख्याकडं बघत राहिला.
"आता न्हाई की."
पत्नी मयत. घेतलं.

तीन की. एकही कागदावर नाही.
पहिल्यात दांडगाई होती, दुसऱ्यात थोडी लाज,
तिसऱ्यात काय होतं, माहीत नाही,
तेवढ्यापुरती माझी पेन्सिल वर राहिली.
मराठीलाच असं होतं, असं समजू नकोस.
गोकाककडचा माणूस "हौद्री" म्हणतो,
त्यातला री सुद्धा गळतोच.
कोर्टाला झाड लागतं. की लागत नाही.

मग साक्ष वाचून दाखवायची, सहीआधी.
म्हाताऱ्याला कन्नड वाचता येईना,
साहेब म्हणाले, तुम्हीच सांगा त्यांना.
मी कन्नड ओळीवर बोट ठेवून मराठीत वाचलं:
झाड आमचंच की,
बायकोनं लावलं की.
तिसऱ्याला थांबले.
साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं.
म्हाताऱ्यानंच वाक्य पुरं केलं
आणि म्हणाला, हां, असंच बोललो,
बाईंनी बरोब्बर लिवलंय.
अंगठा उठवला.

हे कुणाला सांगू नकोस, नोकरीचा प्रश्न आहे.

सोमवारी ये, दोन ते अडीच माझी सुट्टी असते.
डबा आण. पेन्सिली दोन आण, टोकं करून.
एक शेजारणीसाठी.