सूत मोजायचं भिंग

पत्राला नाव नव्हतं.
अक्कलकोटला जाऊन टाकलं होतं मी ते,
शिक्का तिथला पडावा म्हणून;
येताना एस्टीचं तिकीट बारीक फाडून उडवलं.
पत्ता छापून चिकटवला होता,
स्टॅम्प ओल्या कापसानं; जीभ लावली नाही.
एवढं मालिका बघून शिकले होते.

आत सहा ओळी:
मागच्या दाराला कुलूप आहे,
टॉवेलचे गठ्ठे छताला टेकलेत,
रात्रपाळीला एकोणीस माणसं,
किल्ली शेठच्या गाडीत.
साहेब, एकदा येऊन बघा.

साहेब आले नाहीत.
पत्र मात्र आलं,
आधी मल्लिनाथ शेठच्या टेबलावर,
मग एका रविवारी आमच्याच घरी,
शेठच्या खिशातून.

"नागभूषण," शेठ म्हणाले, "भाचा पुण्याहून आलाय.
निळ्या बॅटरीत धरलं त्यानं.
कागदभर पिवळे ठिपके, बघ, डोळ्याला दिसत नाहीत.
म्हणतो, मशीन स्वतःचं नाव लिहितं,
तारीख, वेळ, सगळं.
त्याला वाचता येत नाही.
तू जन्मभर भोकं वाचलीस. वाच."

नायनानं चाळीस वर्षं जेकार्डचे पत्ते पाडले.
भोक तिथं ताणा वर, नाही तिथं खाली,
असा मोर, असा ताजमहाल, असं कमळ.
चादरीवर नाव कारखान्याचं.
पण प्रत्येक मोराच्या डाव्या पायात
नायना एक भोक जास्तीचं पाडायचा.
लग्नघरात पंगत उठल्यावर
कुणाची तरी अंथरलेली चादर उलटून
बोट ठेवायचा: हा माझा.

मी चहा गाळत होते.
पडद्यामागं प्रिंटर,
नवी पेठेतून जुना घेतलेला,
पत्रिका, बायोडाटा, पोरांचे प्रोजेक्ट, पानाला पाच रुपये.
त्याच्यावर टॉवेल टाकलेला. त्याच कारखान्याचा.

नायनानं सूत मोजायचं भिंग काढलं,
पितळी, घडीचं.
ठिपक्यांवरून ते गेलं,
थांबलं नाही.
डाव्या समासात थांबलं,
जिथं चार-चार बोटांवर
काजळाचा एक डाग पडतो,
ड्रमला चरा आहे म्हणून.
नातवाच्या 'आपली नदी' वर पडला होता तो,
यल्लम्माच्या पोरीच्या पत्रिकेवर पण.
मग कागद मिटला, घडीवर घडी,
मिटताना बोटं जरा अडखळली:
तीन पदरी, टोक आत.
पॅकिंगच्या बायका टॉवेलला घालतात ती घडी.
मी सहा वर्षं घातली.

"घाण आहे शेठ," नायना म्हणाला,
"स्वस्त मशीनची.
ह्याच्यात डिझाईन नाही."
शेठ चहा अर्धा ठेवून गेले.

रात्री जेवताना
कडक भाकरी मोडत त्यानं विचारलं,
"कुलूप निघालं?"
"नाही."
शेंगाची चटणी, थोडं तेल.
पुन्हा काही बोलला नाही.

हात धुऊन आला, वही मागितली.
"हातानं लिही. परत त्याच सहा ओळी.
ह्या बारीला सोलापूरच्याच पेटीत टाकू,
आणि वरच्या साहेबाला."
मी लिहिलं. खाली माझं नाव,
आडनावासकट.
मराठी सही त्याला कधी जमली नाही.
माझ्या नावाशेजारी
तेलुगूत केली त्यानं,
सावकाश, पेन दाबून,
गोल, गोल, एकापुढे एक,
पत्त्यावर पाडल्यासारखी.
कागद पालथा घातला तर
मागूनसुद्धा बोटाला लागत होती.