सत्तर मिलिलिटर

प्रुश्कुफच्या वेलोड्रोमखाली, तळघरात,
मी बाटल्या हातात देते.
सत्तर मिलिलिटर. मापात पाप नाही.
काहींत बीटचा रस, नायट्रेटसकट,
काहींत तोच रस, नायट्रेट काढून घेतलेला.
रंग तोच, ओल्या मातीचा वास तोच,
गिळताना तोंड वाकडं होतं, तेही तसंच.
कुठली कुठली, ते एका बंद पाकिटाला ठाऊक.

आमच्याकडे गावंढळ माणसाला बुराक म्हणतात.
बुराक म्हणजे बीट.
माझे वडील पहिल्यांदा शहरात आले
तेव्हा ट्राममधून कुणीतरी ओरडलं होतं: ए बुराक!
आणि आता बघा,
डॉक्टर रेमिगिउश बुराकासाठी
कोटाला इस्त्री करून येतात.

भिंतीवर नियम चिकटवलेत:
कॉफी नको, च्युइंगम नको,
चूळ भरायचं औषध तर मुळीच नको.
कारण खरं काम चालतं जिभेच्या मागच्या अंगाला.
तिथे राहणारे बारके जीव
नायट्रेटला हात लावतात, त्याचं नायट्राइट करतात,
पुढचं रक्त बघून घेतं.
शिरा सैल होतात,
मांड्या थोडक्या प्राणवायूत भागवतात,
महिनाअखेरीच्या घरासारख्या.
निदान कागद तसं म्हणतो.

झिता साडेआठला आली, एका दमात प्यायली,
अडीच तास थांबायचं, म्हणून बाहेर गेली.
अकराला परतली.
मी तिच्या तोंडावर मुखवटा बसवला, छातीला पट्टा.
वॅटचा आकडा असा लावलेला
की पायांना पळवाट नाही.
मिनिटाला साठाच्या खाली फेरे गेले, की संपलं.
तिसऱ्या मिनिटाला माणसं देवाला हाक मारतात.
चौथ्या मिनिटाला देवाचं नाव विसरतात.
पाचव्याला झिताच्या हनुवटीवरून
घामाचा थेंब हँडलवर,
हँडलवरून माझ्या बुटावर,
आणि त्या खोलीत फक्त साखळीचा आवाज
आणि तिचा श्वास,
लोहाराचा भाता उतारावर सुटावा तसा.
मी बोलायचं नाही, असाही नियम आहे.
मी बुटाची बोटं आवळून धरली.

सहा मिनिटं तेहतीस सेकंद.
मागच्या वेळेपेक्षा एकवीस जास्त.

मुखवटा काढताना ती पुटपुटली,
हाल्श्का, मी चूळ भरली.
कसली?
ती निळी. पुदिन्याची.
कधी?
मधल्या वेळात. येरेमी ग्दिनियाहून येणार होता गाडीने,
आणि माझं तोंड बघितलं नाहीस तू,
जीभ जांभळी, ओठ जांभळे, दात जांभळे.
तिचे कान लाल झाले.
ते श्रमानं झालेले नव्हते, तेवढं मला समजतं.

डॉक्टरांना सांगावंच लागलं.
ओळ बाद, ते म्हणाले.
मी पट्टी ठेवून रेघ मारली.

नोव्हेंबरात पाकीट उघडलं.
त्या दिवशीची बाटली खरी होती.
पण मागचे मजूर पुदिन्यानं मेलेले,
नायट्रेट आलं असेल, दार ठोठावलं असेल,
कुणी कडी काढली नसेल,
बरंचसं तसंच खाली उतरलं असेल.
मग ते एकवीस सेकंद कुणाचे?
दुसऱ्या खेपेला सगळेच सुधारतात, डॉक्टर म्हणाले.
असेलही.
फलाटावर काय झालं ते विचारायला
आमच्याकडे रकाना नाही.
बाकीच्या अकरा जणांची सरासरी मात्र
थोडी वर सरकली आहे. थोडीच. बीटच्या बाजूनं.
ते छापून येईल.

झिता अजून वर, लाकडी ट्रॅकवर असते.
तिरप्या वळणावर ती आली
की तळघराच्या छतातून गडगड जाते,
आणि बाटल्या एकमेकींना हलकेच लागतात.
त्या रात्री दात घासताना
मी जीभ घासायचं राहू दिलं.
कोण जाणे,
तिथे कुणाचं काय काम चाललेलं असेल.