फटीचं माप

रबाळ्यात, ठाणे-बेलापूर रस्त्याकडे पाठ करून
आमची शेड उभी आहे.
दिवसभर कंटेनर जातात,
ग्रॅनाइटच्या टेबलाला ते पायांतून कळतात
आणि सुई शहारते.
म्हणून मोजमाप मी रात्री घेते, दोन ते तीन,
तेव्हा पारसिकचा डोंगरसुद्धा
जरा कमी जड वाटतो.

काम सांगितलं की लोक 'बरं' म्हणतात, विषय बदलतात.
काचेचे दोन तंतू.
प्रत्येकाच्या पोटात नऊ मायक्रॉनची वाट.
त्या वाटा अशा समोरासमोर आणायच्या
की उजेडाला कळूच नये
आपण एका काचेतून दुसरीत आलो.
मायक्रॉनभर चुकलं तर मीटर लगेच चहाडी करतो.
मी त्यांच्यावरची नळी आखते. फक्त नळी.
झिर्कोनियाची, पांढरी,
तांदळाचे दोन दाणे टोकाला टोक लावून ठेवावेत
तेवढी लांब.

भट्टी पाचवा हिस्सा खाते,
तेव्हा कच्ची नळी मोठी धरायची,
माठाची जुडी कढईत केवढीशी होईल
याचा अंदाज धरतो तशी.

पहिलं वर्ष मी अखंड नळीच्या हट्टात घालवलं.
भोक दोन पॉइंट पाच शून्य एक: दांडा आत लुडबुडतो.
दोन पॉइंट चार नऊ नऊ: जातच नाही, रेटला तर नळी टिचते.
मधे कुठेतरी माप होतं,
शंभरातल्या तीन नळ्यांना ते सापडायचं.
नागवेकर साहेब रोज विचारायचे, 'रिजेक्शन किती?'
मी आकडा वहीत लिहायची,
तोंडाने सांगायची नाही.

मला माहीत नव्हतं असं नाही.
चिरलेल्या नळ्या कॅटलॉगात होत्या, पानभर, रांगेने.
पण बाबा वागळे इस्टेटीत तीस वर्षं तपासनीस.
आमच्या घरात तडा म्हणजे लाल खडू,
लाल खडू म्हणजे भंगाराचं पिंप.
तो मी हाताने कशाला पाडू?

मग सुलभा केणी बाळंतपणाची रजा संपवून आली.
दांड्यांची टोकं घासावीत तर तिनेच.
डब्याच्या सुट्टीत तिने गुलाबी कागदाची पुडी सोडली:
घणसोलीच्या सोनाराकडचे वाळे.
'आत्ताच घेतलेस? पोरगी वाढेल की.'
'वाढू दे ना ताई. वाळा कुठे जोडलेला असतो?'
आणि माझ्या अंगठ्यात चढवून दाखवला.
किंचित फाकला.
धरला.

हिऱ्याच्या चाकाने उभी चीर, अर्ध्या मिलिमीटरची.
भोक दांड्याहून मुद्दाम लहान.
पहिल्या दहांतल्या आठ फुटल्या.
चिरेच्या कडा बोथट करायला शिकले,
भिंत किती पातळ म्हणजे फार पातळ, तेही.
मग काट्याला लावून ओढत बसले:
सुटायला दोनशे ग्रॅमहून कमी जोर नको,
सहाशेहून जास्त नको.
पकडीला वरचीही मर्यादा असते
हे मला ड्रॉइंगवर लिहावं लागलं,
सही करून.

आज तीनला पाच कमी.
मीटर म्हणतो शून्य पॉइंट शून्य आठ.
उजेड दिसत नाही, तो डोळ्यांपलीकडचा.
वाकून बघूही नये,
यंत्रावर तशी सूचना आहे.
बाहेर एक कंटेनर गेला.
सुई हलली, आकडा हलला नाही.

एक नळी रुमालात बांधून घरी नेली, ठाण्याला.
बाबांनी चष्मा पुसला,
ट्यूबलाइटखाली ती फिरवली, नख लावलं.
नख अडकलं.
'इथे गेलीय,' म्हणाले,
आणि सदऱ्याच्या खिशात
खडू शोधू लागले.